बाप्पाला लावलेला पट्टा

मागच्या सीटवर कशाला हवाय पट्टा, असं कोणी म्हटलं की मला आमचा गणपती घरी आणतानाचा प्रकार आठवतो. गाडी नवरा चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मागे सासरे, म्हणजे अण्णा, त्यांच्या मांडीवर दुसरीतली आमची इरा आणि शेजारच्या सीटवर मूर्ती. पट्टा अण्णांनी मूर्तीला लावलेला.

मी म्हटलं, "अण्णा, तिथे इराला बसवा आणि पट्टा तिला लावा ना."

"तिला मी धरलंय. मूर्ती शाडूची आहे, एका धक्क्यात जाईल."

वारज्याच्या पुलाखाली एक रिक्षा आडवी आली आणि नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. माझ्या खांद्याला घासून काहीतरी पुढे गेलं. ती इरा होती. दोन सीटांच्या मधून येऊन ती गिअरवर पालथी पडली होती आणि रडत नव्हती. मी नुसती हाका मारत होते, तिला हात लावायची हिंमत होईना. अण्णा पुढच्या सीटला आदळून तसेच बसले होते, रिकामे हात पुढे करून.

मग इराने मान वर केली. ओठ फाटला होता. म्हणाली, "बाप्पा फुटला का?"

बाप्पाचा रंगसुद्धा उडाला नव्हता.

अण्णांनी मूर्ती मांडीवर घेतली, तिच्या जागी इराला बसवलं. तिला पट्टा लावला आणि दोनदा ओढून पाहिला. मग त्यांनी स्वतःचाही लावला.

मी विचारलं, "आणि मूर्ती?"

"देव आहे तो. त्याचं तो बघेल."