बागेतला बाक

“मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये गं,” रुचिराची मराठी आई म्हणायची. म्हणून दिल्लीतल्या द्वारकेच्या बागेत शनिवारच्या फेरीला आलेली नगरसेविका रुचिरा मेहता गप्प राहिली. समोरचं मराठी जोडपं, हिला मराठी काय कळणार म्हणून, मोकळेपणी बोलत होतं.

“अहो, बाक मागा ना! टेकायला जागा झाली की बाहेर पडाल.”

“नको. म्हातारा झालो म्हणेल ही.”

“मग बसा घरात, भिंतींशी बोलत!”

“बरं बाई, मागतो. मॅडमजी, पार्क बहुत अच्छा है, कुछ नहीं चाहिए.”

“कमाल आहे तुमची!”

रुचिराला हसू आवरेना. “काका, बाक कुठं बसवू? कडुनिंबाखाली?”

दोघं गारच पडली. मग काका हळूच म्हणाले,

“थोडं चाललं की गुडघे दुखतात, पोरी. पण मला रोज हिच्यासोबत यायचंय.”