किल्ली कुणाच्या हातात

विजेच्या स्कूटरवरून शहर दाखवणारी फेरी निघायच्या बेतात होती, आणि हेल्मेटं वाटणाऱ्या बाईंपुढे एक म्हातारे वडील नि त्यांची लेक एकाच किल्लीवरून अडून बसले होते.

“बाबा, मी चालवते. तुम्ही मागे बसा.”

“मागून तुझं हेल्मेट दिसेल, समुद्र नाही.”

“तीस वर्षं बोटी बंदरात आणल्यात. अजून समुद्र बघायचाय?”

“तेव्हा नजर खडकांवर असायची गं.”

“आणि परवा जिन्यावरून पडलात ते?”

“जिना मी चालवत नव्हतो.”

“पुरे हं, बाबा.”

“उद्या कायमचा नेते आहेस मला तुझ्या घरी. तिथून समुद्र आठ तासांवर.”

लेक मागे बसली. बाईंनी किल्ली वडिलांना दिली.

“वळणावर हळू. उतारावर ब्रेक. गाईडच्या पुढे जायचं नाही,” लेक मागून म्हणाली.

“अगं बाई, आधी सुरू तरी करू दे.”