अकरा ते दोनचं ऊन

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, व्यासपीठावरचे नगराध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि मफलरमधून नुसते डोळे दिसणाऱ्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी इतकं कौतुक केलं, की ही नर्सबाई आहे तरी कोण, असं मलाच वाटायला लागलं. आज निवृत्त होताना खरं सांगू? मी दमले आहे. सव्वीस वर्षं इंजेक्शनचं औषध मुठीत धरून कोमट केलं, थिजलेलं खोबरेल शेगडीपाशी ठेवून तुमची बाळं चोळली. चार तासांवर खाली लोक पंख्याखाली घाम पुसतात आणि आपण भरदुपारी स्वेटर घालून बसतो, हे तिकडे कुणाला पटत नाही.

मी आले होते दोन वर्षांसाठी. तुमची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. नोकरीवर नवा माणूस यायचा असला, की ड्रायव्हरकाका खालच्या वळणावर चहाला थांबणार आणि अकराचं ऊन पडल्यावरच त्याला गावात आणणार. मलाही तसंच आणलंत. काय सुंदर गाव, म्हणत मी सामान उतरवून घेतलं. दोन वाजता धुकं आलं आणि समोरचा दवाखाना दिसेना. हसू नका डॉक्टर, तुम्हीही तसेच आलात.

माझ्या मुलाला इथली थंडी सोसेना. पाच वर्षांचा होता, छाती वाजायची. दोन वर्षांचाच तर प्रश्न, म्हणून त्याला खाली बहिणीकडे ठेवलं. पण बदलीवर कुणी आल्याशिवाय मला सोडणार कोण? दोघी आल्या आणि धुकं पाहून अडीचच्या बसने परत गेल्या. तिसरी येणार होती तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा झाला होता. या आठवड्यात येते, असं मी त्याला कळवलं. बहीण सांगते, तीन दिवस तो बसथांब्यावर जाऊन बसत होता.

मी गेले नाही. तुम्हाला वाटलं, तिसरीही धुक्याला घाबरली. ती घाबरली नव्हती. तिला नोकरीची गरज होती आणि कडेवर तीन वर्षांची मुलगी होती. मी त्या पोरीच्या पाठीला कान लावला. तोच आवाज. बाहेर लख्ख ऊन होतं, माझं सामान बांधलेलं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पण मीच म्हटलं, "बाई, अडीचच्या बसने परत जा. इथे राहिलात तर हिला दूर ठेवावं लागेल."

"आणि तुम्ही?" तिने विचारलं.

"माझं होईल काहीतरी."

काही झालं नाही. त्यानंतर कुणी आलंच नाही.

मुलगा आज तिसऱ्या रांगेत बसलाय, मला न्यायला आलाय. सकाळी खोलीत येऊन म्हणाला, "तुमचं सामान एवढंच?" बहिणीला तो आई म्हणतो. त्यात त्याची चूक नाही.

बाळा, त्या आठवड्यात का आली नाहीस, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी बोलले नव्हते. त्या पोरीला तिची आई राहिली. तुझी मात्र गेली. मी बरोबर केलं का, ते मला अजून कळत नाही.

असो. शाल उबदार आहे, आभार. बोलण्यात, वागण्यात काही चुकलं असेल तर सगळ्यांनी पोटात घाला. तू मात्र घाई करू नकोस बाळा, पोटात घालायचं की नाही ते खाली गेल्यावर सावकाश सांग.

दोन वाजत आलेत, ड्रायव्हरकाका दारात उभे आहेत. येते मी.