एका जागी गप्प बसा

आमच्या आबांना व्यायाम सोडायला कुणी सांगून बघावं! कुस्तीत खांदा निखळलेला, एकाहत्तरच्या लढाईत गुडघा मोडलेला, वय पन्नाशीचं. तरी गुडघा सुजला की मुद्गल फिरवायचे, खांदा दुखला की पळायचे आणि दोन्ही ठणकले की विहिरीत पोहायचे.

एकदा दोन्ही ठणकत होते. मी चिडून विहिरीपर्यंत मागे गेले. म्हटलं, "आबा, वय झालं आता. एका जागी गप्प बसा की."

"बसतो की," म्हणाले आणि त्यांनी उडी टाकली.

थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले. मी हाका मारल्या. रानात चिटपाखरू नव्हतं आणि मला पोहता येत नव्हतं. गुडघा आखडला असेल, खांदा पुन्हा निखळला असेल, काय काय मनात आलं. पायऱ्या उतरले, कमरेएवढ्या पाण्यात शिरले, तेव्हा कुठे त्यांचं डोकं वर आलं.

"आबा, काय झालं होतं?" माझे दात वाजत होते.

"तूच म्हनलीस न्हवं, एका जागी गप बसा? तळाला बसलो हुतो. तितं गुडघा दुखत न्हाई, आन् तुजं बोलणंबी ऐकू येत न्हाई."