खांब जागेवरच होता

...नाही, तुम्हीच सांगा, असं कोणी बोलतं का? विमा कंपनीच्या माणसाला? फोनवर? तो बिचारा आपणहून विचारतोय, "मॅडम, समोरून काही आडवं आलं का?" म्हणजे दार उघडून देतोय हो तो, या आत, बसा, सांगा एखादा कुत्रा, सांगा एखादी मांजर, काहीही चालेल आम्हाला! आणि आमचं कन्यारत्न काय म्हणतं? "नाही. खांब जागेवरच होता. मीच गेले."

मीच गेले! चालत गेल्यासारखं! आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमधला खांब, पिवळे-काळे पट्टे मारलेला, आंधळ्यालासुद्धा दिसावा असा. नवंकोरं लायसन्स हातात आलेलं, पोरीनं बाहेरच्या रस्त्यावर एवढ्या ट्रक-बसमधून गाडी सुखरूप आणली आणि घरात येऊन ठोकली. बंपर लोंबतोय, बॉनेटनं आ वासलाय, एक दिवा फुटलाय, एक माझ्याकडे बघतोय. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, ते बरंच झालं, बापाचं काळीज आहे, सगळ्यात आधी तिलाच बघितलं मी. गाडीकडे नंतर. लगेच नंतर.

आता तुम्ही म्हणाल, खरं बोलली, चांगलंच झालं की! हो, चांगलंच झालं, पण तुम्हाला माझा साडू माहीत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जळतो मी त्याच्यावर. स्पष्टच सांगतो, उगाच कशाला लपवायचं, लग्नाच्या मांडवात त्याचा कोट बघितला तेव्हापासून जळतोय. त्याचा मुलगा, आम्ही त्याला युवराज म्हणतो, त्यानं वर्षात तीनदा गाडी ठोकली. तीनदा! आणि दर वेळी गाडी आधीपेक्षा नवीन होऊन परत आली! पहिल्यांदा नवा दरवाजा, मग नवं बॉनेट, मग तर अख्खी गाडी रंगवून मिळाली, असा चकचकीत निळा की त्यात मला माझं टक्कल दिसतं. आणि माझी गाडी? कधी कोणी ठोकली नाही म्हणून तशीच भुरकट. सांभाळून चालवायची शिक्षा आहे ही, दुसरं काय!

आणि याचं गुपित काय, तर दर वेळी साडू स्वतः सांगतो, "मीच चालवत होतो हो, कुत्रा आडवा आला." तीनदा कुत्रा! त्या गल्लीत एवढे कुत्रे तरी आहेत का? आणि हा माणूस गाडी कशी चालवतो माहितेय? हिरव्या सिग्नललासुद्धा थांबून विचार करतो. पण कंपनीनं मान डोलावली.

तर आमच्याकडे हे झालं आणि त्याचा फोन आला. आवाजात मध नुसता. "साडूबुवा, पोरीचं नाव मध्ये आणू नका हं. कोवळ्या पोरांचं नाव ऐकलं की कंपनी हात वर करते. सरळ म्हणा, मीच चालवत होतो." बायको बाजूला उभी, तिनं लगेच सूर लावला. "भावोजी म्हणतात ते बरोबरच असणार. त्यांची गाडी बघा कशी दिसते!" हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पोरीनं आधीच फोन केलाय हे मला कुठे ठाऊक? मी ठरवलं, आपणही बोलायचं खोटं. आपणही निळा रंग मिळवायचा!

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सर्व्हेअर आला. कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस. बारीक, शांत, शर्टाच्या खिशाला टॉर्च लावलेला. गाडीभोवती फिरला, वाकला, टॉर्च मारला, म्हणाला, "गाडी कोण चालवत होतं?" पोरगी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मी." पोरीनं माझ्याकडे असं बघितलं... जाऊ दे. "खांब दिसला नाही?" "दिसला हो, पण एकदम कुत्रा आडवा आला." "तळघरात?" "...पार्किंग करायला आला असेल."

हे कसं सुचलं विचारू नका. तो हसला नाही. त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "जरा बसून दाखवता?"

आता माझी कन्या उंचीनं आईवर गेलीय. सीट पार पुढे ओढून बसते, नाक जवळजवळ काचेला. आणि मी पोटानं माझ्या वडिलांवर गेलोय. अपघातानंतर सीट सरकवायचं कोणाच्या ध्यानात येणार? युवराजाच्या बापाच्या आलं असतं, तो बारीक आहे मेला, त्याला सगळ्याच सीटा होतात! मी एक पाय आत टाकला. मग डोकं. मग श्वास धरून पोट. आणि अडकलो! स्टिअरिंग पोटात, गुडघे कानाशी, हॉर्न आपोआप वाजतोय, वाजतोच आहे, आरशात मला गाडीचं छत दिसतंय, सीट मागे घ्यायची कळ पोटाखाली, हात काही पोचेना. अख्खं गॅरेज काम सोडून बघायला आलं. सर्व्हेअर म्हणतो, "असेच चालवत होता?" मी म्हणालो, "थोडा मोकळा होतो."

गॅरेजवाल्यानं आणि त्याच्या माणसानं मला ओढून काढलं. आणि तेव्हा पोरगी पुढे झाली. "काका, बाबा नव्हते. मी चालवत होते. कुत्रा नव्हता. खांब जागेवरच होता."

सर्व्हेअर म्हणाला, "माहितेय मला. तू कालच सांगितलंयस फोनवर." मी ओरडलोच, "मग मला कशाला बसवलंत?" तर म्हणतो, "सहज. बघावंसं वाटलं." मग गंभीर झाला. "तुम्ही हेच लिहून सही केली असती ना, तर तुमचा क्लेम गेला होता. पोरीकडे रीतसर लायसन्स आहे, गाडी तुमची, पॉलिसी चालू. लपवायला होतं काय?" आता काय सांगू त्याला? साडूसारखा निळा रंग हवा होता म्हणून? परत येताना पोरगी एवढंच म्हणाली, "बाबा, माझी चूक मला सांगता येते हो." लागलं मला. त्या बंपरपेक्षा जास्त लागलं.

क्लेम पास झाला. बंपर नवा, बॉनेट सरळ. रंग? तोच भुरकट! जेवढं मोडलं तेवढंच मिळतं म्हणे, खरं बोलणाऱ्याला.

पण थांबा, खरी मजा पुढे आहे, निदान मला वाटलं होतं मजा आहे. साडूची पॉलिसी संपली आणि कंपनीनं नवी द्यायला चक्क नकार दिला! का? तर वर्षात तीन अपघात, तिन्ही साहेबांच्या स्वतःच्या नावावर. सर्वात धोकादायक ड्रायव्हर! हिरव्याला थांबणारा! त्याला सांगितलं, आधी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन परत शिकून या. आणि युवराज? कोरी पाटी, एक डाग नाही! मी तर त्या दिवशी आंघोळीत गाणं म्हटलं.

पण माझं सुख टिकतंय होय? विम्याविना त्याची गाडी दारातच उभी, आणि त्याचं ऑफिस आमच्याच वाटेवर. बायको म्हणाली, "भावोजी कुठे बसमध्ये लोंबकळत जाणार? आपली गाडी जातेच ना." आता रोज सकाळी पोरगी गाडी चालवते आणि साडू मागे. मालकासारखा! पेपर उघडून! "बेटा, सावकाश हं, घाई नाही." मला सांगा, ड्रायव्हर ठेवून मागे बसायचं हे स्वप्न कोणाचं? माझं! गाडी कोणाची? माझी! ड्रायव्हर कोण, तर माझीच मुलगी, तीही खरं बोलणारी! आणि मी पुढे तिच्या शेजारी, कारण साहेबांना पाय पसरायला जागा लागते, म्हणून माझी सीट पार पुढे ओढलेली. गुडघे परत कानाशी.

परवा तर मागून पेपराआडून म्हणतो, "साडूबुवा, अजून थोडं पुढे सरकता का?"

सरकलो.

त्या खांबाचाच हेवा वाटतो हो आता. एवढी गाडी अंगावर आली, पण तो निदान जागेवरच होता.