अर्थिंगच्या खड्ड्यातले पाणी

—थांबा, बद्रीनाथराव, टेस्टर नंतर लावा. आधी परसातला हा खड्डा पाहा. तुमच्या अक्कांनी तुम्हाला घाटनांदूरहून एवढ्यासाठीच पाठवले ना — फ्रिजला लावून दिवा लागला नाही तर त्या परत येतील, लागला तर नाही? अट रास्त आहे. मेहुण्याने टेस्टर घेऊन दारात यावे, एवढीच माझी पत उरली आहे.

हा अर्थिंगचा खड्डा. एखादी वायर सडून फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता इथून भुईत जावी, म्हणून. भूमी ओली लागते. घर बांधताना वायरमन शहादेवने हे सांगितले — कोणाला? मला नाही, मी सभेत होतो, अक्कांना. त्या रोज इथे तांब्याभर पाणी ओतत. आणि मी? दुष्काळाचे दिवस, गाव टँकरवर, मी पाणीवाटप सहकारी संस्थेचा चेअरमन — म्हणालो, भोकात पाणी ओतणे हा अधर्म आहे. का ओतता, हे विचारले नाही. झाकण सिमेंटने लिंपून टाकले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे — वार्षिक सभेत भाषणात सांगितले! 'काटकसरीचा आरंभ स्वतःच्या घरापासून!' टाळ्या पडल्या. अक्का बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. आणि पाणी तरी कोणते होते ते? तांदूळ धुतलेले.

मग एकदा म्हणाल्या, "आवं, फ्रिज चावायलाय." मी म्हणालो, मन स्थिर ठेवा, नाम घ्या. पुन्हा म्हणाल्या, तेव्हा अशक्तपणावर प्रवचन दिले. मग त्या स्वयंपाकघरात रबरी चपला घालू लागल्या — शेजारी देव्हारा! — त्या मी अंगणात फेकल्या. काय? हे तुम्हाला सांगितले नाही त्यांनी? ...होय, मीच फेकल्या. त्याच दुपारी अक्कांनी ओल्या हाताने फ्रिज उघडला आणि झटक्यासरशी भिंतीवर आदळल्या. आणि मी काय म्हणालो — फरशी निसरडी असेल. उठल्या, पिशवी भरली, "तुमचं पानी ऱ्हाऊ द्या शिल्लक," एवढेच बोलल्या.

मला कधी झटका कसा बसला नाही, म्हणता? साधे आहे. मी त्या फ्रिजला कधी हातच लावला नव्हता. पाण्याचा पेलासुद्धा हातात येत असे. त्या गेल्यावर एकादशीला दही काढायला गेलो — स्नान झालेले, सोवळे नेसलेले, अनवाणी, हात ओले — झटका अगदी यथासांग बसला. जन्मभर नामस्मरण केलेल्या माणसाच्या मुखी त्या क्षणी कोणते नाव यावे? विठ्ठलाचे ना? मी ओरडलो, "कौशल्या!" लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी उच्चारले नव्हते. शेजारच्या छबुबाई धावत आल्या — "कौशल्याबाई न्हाईत बा घरी, कावून वरडायलाव?" आता सगळ्या आळीला ठाऊक आहे.

तुम्ही हसू नका. ...हसा.

शहादेवला बोलावले. झाकण फोडले, खड्ड्यात कोळसा-मीठ नव्याने भरले, फ्रिजची वायर बदलली, वीज झिरपताच पुरवठा तोडणारा स्विच बसवला. त्याचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. माझ्या आंघोळीचे पाणी आता या खड्ड्यात जाते. सभेत सांगितले का? ...नाही. भोक बुजवल्याचे सांगताना बरा आवाज निघाला होता. सांगेन. बायकांच्या रांगेकडे तोंड करून सांगेन.

लावा आता टेस्टर. दाराच्या मुठीला — नाही लागला? मागे, मोटारीजवळ लावा. नीट धरा, बोट वरच्या टोकाला. नाही ना? मग कळवा त्यांना. सांगा, फ्रिज चावत नाही — फोन मला कशाला देता? तुम्हीच सांगा, माझ्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा — काय? नाव घेऊन बोलवा म्हणतात?

...द्या. तुम्ही ओसरीवर जा, बद्रीनाथराव. जा म्हणतो ना. आणि दार ओढून घ्या.