मामानं पारखलेला राक्षस

काहीही खरेदी करा, पण माह्या मामाले सोबत नेऊ नका बाप्पा! त्याचा अर्धा जल्म गुरांच्या बजारात बैल पारखण्यात गेला.

मले सिनेमातल्या पात्रांचे बाहुले जमवायचा नाद आहे, हे तुमाले माईतच आहे. नेरचा एक जण आपला राक्षस विकून राह्यलता. वीतभर उंच, हातपाय वळणारा, अस्सल माल. मी पाहाले निघालो तं मामा गाडीवर मागं बसलाच.

मी आपला रंग पाहून राह्यलो, सांधे पाहून राह्यलो. मामानं राक्षस माह्या हातून हिसकला अन् अंगठ्यानं त्याचा जबडा उघडला.

"दात पुरे आहेत," म्हणे. मंग मालकाले म्हणे, "चालवून दाखवा."

तो बिचारा खरंच टेबलावर राक्षस चालवू लागला. मामा मागून वाकून पाय पाहे.

"चाल बरी आहे. पण विकून काहून राह्यले? मारका आहे का?"

मालकानं सैपाकघराकडं पाह्यलं अन् हळूच सांगतलं, "बायको म्हणते, घरात हा राहीन, नाही तं मी."

"हात्तिच्या! मंग जनावरात काही खोड नाही. घेऊन टाक भाच्या!"

घेतला. घरी आलो तं दारात माही बायको उभी. तिनं खोक्यात डोकावून पाह्यलं अन् म्हणे, "घरात हा राहीन, नाही तं मी."

मामा गाडीवरून उतरलाच नाही.

"फिरव गाडी भाच्या," म्हणे. "दात पाह्यले, चाल पाह्यली, पायगुण पाह्याचा राह्यला."